फरशी वाळेपर्यंत

१

सकाळी साडेसातला मिनती येते. बजबज लोकलने लेक गार्डन्सला उतरते, दहा मिनिटं चालते आणि तीन मजले चढून आमच्या दारातच बसून दम खाते. मग केर, मग फरशी. आमची फरशी जुनी, लाल सिमेंटची, कडेने काळा पट्टा असलेली. ओली झाली की झळझळीत दिसते आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत वाळायला पाऊण तास घेते. तेवढा वेळ घरातल्या माणसांनी असेल तिथेच थांबायचं, हा माझा नियम. ओल्या फरशीवर पाय उमटलेले मला खपत नाहीत. जयप्रकाश, म्हणजे माझे यजमान, याला सकाळची संचारबंदी म्हणतात आणि मुकाट्याने पाळतात.

ते एका सरकारी कंपनीत अधिकारी आहेत, ऑफिस एस्प्लनेडला. बदल्या होत होत सहा वर्षांपूर्वी आम्ही कोलकात्याला आलो. मी घरी असते, पण रिकामी नसते. पुण्याच्या एका संस्थेच्या कोशासाठी शब्दांच्या नोंदी लिहिते. शब्द निघाला कुठून, फिरला कसा, कुठे जाऊन कोणता अर्थ धरून बसला, हे शोधायचं. सध्या 'म' चालू आहे आणि माझ्या वाट्याला 'मार्जन' आला आहे.

सोपा वाटला होता. मूळ धातू मृज्, पुसणे, घासणे, स्वच्छ करणे. मार्जन म्हणजे तेच, आणि संध्या करताना अंगावर पाणी शिंपडतात तेही. संमार्जन म्हणजे झाडलोट, म्हणून आपलं सडासंमार्जन, आणि म्हणूनच केरसुणी ही संस्कृतात संमार्जनी. मांजर तो मार्जार, कारण तो दिवसभर स्वतःला चाटूनपुसून घेत बसतो. गणपतीच्या पत्रींतला आघाडा तो अपामार्ग, म्हणजे पुसून दूर करणारा. आणि परिमार्जन म्हणजे हातून झालेली चूक धुऊन काढणं. एवढं एका बैठकीत लिहिलं आणि मग हात थांबला. पुसणारा आहे, पुसायची जागा आहे, पुसून काढायचं तेही आहे. पण पुसलेलं जातं कुठे, हे एकाही कोशात दिलेलं नाही.

हे मी जिथे बसून लिहीत होते ती खोली महिन्यापूर्वीपर्यंत माझ्या सासूबाईंची होती.

२

सासूबाईंना मी आईच म्हणते. नाव शैला, वय एक्क्याऐंशी. गेली दोन वर्षं त्यांना विसर पडत चालला होता. आधी नावं गेली, मग वार, मग जेवलो की नाही ते. दोनदा त्यांनी गॅस उघडा ठेवला. दुसऱ्या वेळेनंतर मी जयप्रकाशांच्या मागे लागले आणि बराकपूरला नदीकाठी एक वृद्धाश्रम शोधून काढला. स्वच्छ, हवेशीर, चोवीस तास आया. ते महिनाभर नाही नाही म्हणत राहिले आणि मग थकून हो म्हणाले.

गॅस हे चारचौघांत सांगायचं कारण होतं. त्यांच्या खोलीत पूर्वेचा उजेड येतो आणि मला लिहायला जागा हवी होती, हे न सांगायचं. आणि खरं विचाराल तर मला कंटाळा आला होता. फरशी पुसून होईपर्यंत आई कधी बसायच्या नाहीत. जिथे असतील तिथे उभ्या राहायच्या. मिनती फडकं फिरवत जवळ आली की म्हणायची, "पा तुलुन, मासिमा," पाय उचला, मावशी. त्या भिंतीला हात लावून एकेक पाय उचलायच्या. आणि मग दर दोन मिनिटांनी विचारायच्या, "सुनीती, वाळली का गं?" नाही आई. "वाळली का?" अजून नाही. शेवटी शेवटी मी उत्तरच द्यायची नाही. त्या तशाच उभ्या असायच्या.

त्यांना बराकपूरला न्यायचं ठरलं त्या बुधवारी मिनतीची सुट्टी होती. साडेनऊला जयप्रकाश आईंना घेऊन खाली उतरले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज तळापर्यंत ऐकू आला. तो थांबला आणि मी केरसुणी हातात घेतली.

हे काय केलं ते मराठी घरातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. माणूस घराबाहेर पडलं की लगेच केर काढत नाहीत. मेलेलं माणूस घराबाहेर नेल्यावर काढतात. माझी आजी तर पाहुणा गेल्यावर तासभर केरसुणी लपवून ठेवायची. मला हे सगळं पाठ होतं. विसरून झालं असतं तर गोष्ट वेगळी, पण मी विसरले नव्हते. उलट, आठवलं आणि तरी झाडलं. कोपऱ्याकोपऱ्यातून, पलंगाखालून झाडलं. मग बादली घेऊन सगळं घर पुसलं, आणि हवा लागावी म्हणून जिन्याचं दार उघडं टाकलं. किती हलकं वाटत होतं म्हणून सांगू.

फडकं पिळून वर बघते तर दारात आई.

उंबऱ्याच्या आत एक पाऊल, तिथेच उभ्या. निघताना नेसलेलंच, पांढऱ्यावर हिरव्या काठाचं लुगडं, पाय अनवाणी. चपला बाहेर काढल्या असाव्यात. माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत म्हणाल्या, "आत येऊ का गं?"

टॅक्सी मिळाली नसेल, काही तरी विसरल्या असतील, म्हणून परत आल्या, एवढंच माझ्या मनात आलं. आणि दुसरं असं आलं की आता या पुन्हा बसतील, पुन्हा निघायला तास लागेल. मी म्हटलं, "फरशी ओली आहे आई. काय राहिलंय ते सांगा, मी देते आणून."

"काही नाही," त्या म्हणाल्या. "वाळू दे. मी थांबते."

तेवढ्यात आत माझा फोन वाजला. पुण्याहून संस्थेचा होता. पाच मिनिटं बोलून आले तर दारात कोणी नव्हतं. गेल्या असतील खाली, म्हटलं. मला हायसंच वाटलं. दुपारी मिनतीचा नवरा छोटा टेम्पो घेऊन आला आणि आईंचा पलंग घेऊन गेला. त्या जागेवर मी माझं टेबल मांडलं.

३

साधारण आठवड्याने माझ्या लक्षात आलं.

मिनती पुसून स्वयंपाकघरात गेली होती. मी खोलीच्या दारात चहा घेऊन उभी होते. सगळी फरशी चमकत होती आणि उंबऱ्याच्या आत, एका पावलावर, दोन जागा मंद होत्या. फडकं चुकलं असेल म्हणून पुढे वाकून पाहिलं. दोन तळवे होते. उजवा सरळ, डावा किंचित बाहेर वळलेला. बोटं आत, माझ्याकडे.

मी काही भित्री बाई नाही. तेलाचा डाग असेल, म्हटलं. मेणबत्तीचं मेण असेल. घरमालक पूर्वी फरशीला पॉलिश करायचे, ते कुठे जास्त बसलं असेल. फरशी वाळल्यावर बघायला गेले तर डाग नाही, काही नाही, सगळीकडे सारखं लाल. दुसऱ्या दिवशी ओली झाल्यावर पुन्हा तेच. मी सोडा लावून घासलं. गरम पाण्याने घासलं. शेवटी मगभर पाणी वरून ओतलं. पाणी दोन्ही बाजूंनी वाहून गेलं, आणि तेवढ्या दोन जागा कोरड्या राहिल्या.

खाई त्याला खवखवे, असं मनाला म्हणून मी टेबलाशी जाऊन बसले. डावा पाय आईंचा गुडघ्याच्या ऑपरेशनपासून बाहेर वळायचा. ते मला ठाऊक असल्यामुळे मला तसं दिसतं, हेही स्वतःला समजावलं. पण त्या दिवशी 'परिमार्जन'च्या नोंदीत एक ओळ पुढे सरकली नाही. दोष लागतो तो माणसाला, आणि धुवायची असते ती जागा, हे कसं जमवतात ते मला कळेना.

जयप्रकाशांना काही सांगितलं नाही. ते सकाळी निघताना रोज त्या जागेवरून पलीकडे जायचे. त्या वेळेला फरशी वाळलेली असायची.

४

मिनतीला विचारायचं मी टाळत होते. नोकरमाणसांपुढे असलं बोललं की दुसऱ्या दिवशी पाड्यात, म्हणजे गल्लीत, सगळ्यांना कळतं. शिवाय तिला काहीच दिसत नसेल तर मग फक्त मलाच दिसतं, असा अर्थ झाला असता.

मग एका सकाळी मी खोलीत लिहीत बसले होते. बाहेर मिनतीचं फडकं फरशीवर फिरत होतं, तो ओला सपसप आवाज येत होता. आवाज दाराकडे गेला, थांबला, आणि मिनती म्हणाली, "पा तुलुन, मासिमा."

मी खुर्चीतून उठले ते बाहेर. मिनती उकिडवी बसली होती, फडकं हातात.

"कोणाशी बोलतेस?"

ती दचकली. मग ओशाळून हसली. माझ्याशी ती हिंदीत बोलते, तिच्या पद्धतीच्या, आणि मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणते. "आदत हो गया, बौदी. छे साल बोला ना. मुँह से निकल जाता है."

पटण्यासारखं होतं. मला पटलंही. पण ती तिथून पुढे सरकेना, आणि त्या दोन जागा तिच्यासमोर कोरड्या ठक्क. मी म्हटलं, "मग तिथे पुसत का नाहीस?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फरशीकडे.

"पैर उठाता नहीं, बौदी," ती म्हणाली, आणि फडकं बादलीत पिळलं. काम मात्र तिने पुरं केलं, भांडीसुद्धा घासली. दुसऱ्या दिवसापासून ती बाहेरची खोली पुसेनाशी झाली. कंबर दुखते म्हणते. मी जोर केला नाही. तेवढी खोली मी स्वतः पुसू लागले आणि रोज त्या पायांना वळसा घालू लागले.

आणि एक सांगायला हवं. मला भीती वाटत होतीच, पण तिच्याहून जास्त चीड येत होती. गेल्यावरही तीच अडवणूक, असं वाटायचं. मग वाटल्याची लाज वाटायची.

५

बराकपूरहून फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. तिथल्या मुख्य बाई शिप्रादी, त्यांचा. त्या शाळेत बंगाली शिकवायच्या, बोलणं अजून पुस्तकी. पहिलंच वाक्य म्हणाल्या, "मार्जना कोरबेन, दिदी."

क्षमा करा. बंगालीत मार्जना म्हणजे क्षमा. आमच्याकडे ज्याने भांडी आणि अंगण घासतात तो शब्द इथे माफी मागायला वापरतात. पुसून टाकलं, म्हणजे माफ केलं. नोंदीला यापेक्षा चांगला तुकडा मिळाला नसता. एरवी मी फोनवर बोलता बोलता तो टिपून घेतला असता.

शिप्रादी म्हणत होत्या, तुमच्या सासूबाई बसत नाहीत. आल्यापासून खोलीच्या दारात उभ्या असतात. धरून बसवावं लागतं, निजवावं लागतं, हात सोडला की पुन्हा दारात. तोंडातून शब्द नाही. त्यांना चार दिवस घरी न्या, घर बघून कदाचित फरक पडेल.

"यजमान टूरवर आहेत," मी म्हटलं. "आले की सांगते."

यजमान न्हाणीघरात होते. नळाचा आवाज मला ऐकू येत होता. ते बाहेर आले, डबा घेऊन ऑफिसला गेले आणि मी सांगितलं नाही. आठ दिवस सांगितलं नाही. मात्र पाचव्या दिवशी मी सियालदहून लोकल पकडून एकटीच बराकपूरला गेले. का गेले ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. बहुधा त्या तिथे आहेत ना, याची खात्री करायची होती.

होत्या. खोलीच्या दारात, उंबऱ्याच्या आत एक पाऊल. तोंड बाहेर. केस विंचरलेले, लुगडं नीटनेटकं, आयाबाईंना बोल लावायला जागा नव्हती. मी "आई" म्हटलं. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच राहिली. एरवी विसरल्या तरी त्या माणसाकडे बघायच्या. हसायच्या. आता आत कुणी नसल्यासारखं होतं.

वाकून नमस्कार केला तर हाताला पाणी लागलं.

"ते असंच आहे," शिप्रादी म्हणाल्या. आयाने टॉवेल आणून पाय पुसले. एक पाऊल उचलून तळवा दाखवला. दिवसभर कपडे धुतल्यावर बोटं होतात तसा तो पांढरा पडला होता, सुरकुतला होता, टाचेशी चिरला होता. पाऊल खाली ठेवलं. मी बघत होते. मिनिटाभरात तळव्याच्या कडेने पुन्हा ओल आली. खालची फरशी मोझेकची, खडखडीत कोरडी.

डॉक्टर येऊन गेले होते. घाम म्हणाले, रक्ताभिसरण म्हणाले, मलम दिलं. पण आईंना मधुमेह आहे. त्या चिरेत पू झाला तर पाय वाचवणं कठीण, आणि या वयात पाय काढायची वेळ आली तर पुढचं बोलायलाच नको, असंही म्हणाले.

मला जिन्यापर्यंत सोडताना शिप्रादी हळूच म्हणाल्या, "पा दुटो एखाने आछे, दिदी. मानुषटा एखाने नेई." पाय इथे आहेत, माणूस इथे नाही.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. हात मी चार वेळा पदराला पुसले. पुसलेलं जातं कुठे, ते मला आता माहीत होतं, आणि हे कुठल्याही कोशात मला घालता येणार नव्हतं.

६

शनिवारी संध्याकाळी जयप्रकाश घरी होते. खाली पाड्यात दुर्गापूजेच्या मंडपाचे बांबू ट्रकमधून उतरवत होते, त्यांचा खणखणाट चालला होता. मी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "मला तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मध्ये बोलू नका, नाही तर माझ्याच्याने व्हायचं नाही."

पहिली, आठ दिवसांपूर्वीच्या फोनची. पायांची, डॉक्टरांची. टूरच्या थापेची. ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आठ दिवस?" ते म्हणाले. "आठ दिवस तू माझ्याबरोबर जेवत होतीस, सुनीती."

मी म्हटलं, दुसरी ऐका. मग झाडल्याचं सांगितलं. तुम्ही खाली पोचलात आणि मी केरसुणी घेतली. मुद्दाम घेतली. आणि आई काही तरी राहिलं म्हणून परत वर आल्या, तर मी त्यांना आत घेतलं नाही. फरशी ओली आहे म्हटलं. दारातून परत पाठवलं. त्या आत येऊ का म्हणून विचारत होत्या आणि मी त्यांना...

"कधी?" जयप्रकाश म्हणाले.

"त्याच दिवशी. निघालात तेव्हा."

"अगं, आई परत वर आली नाही. टॅक्सी दारातच उभी होती. बसलो आणि निघालो."

"फोन येण्याच्या आधी आल्या," मी म्हटलं. "पुण्याचा फोन." मी मोबाइल काढून महिन्यापूर्वीपर्यंत मागे गेले आणि त्यांना दाखवला. सव्वादहा.

त्यांनी तो हातात घेऊन वेळ पुन्हा वाचली.

"सव्वादहाला आम्ही श्यामबाजारच्या चौकात अडकलो होतो," ते म्हणाले. "मला पक्कं आठवतं, कारण तिथपर्यंत ती सारखी बोलत होती. घरी सुनीती फरशी पुसत असेल, मी नीट निरोपसुद्धा घेतला नाही, मला एकदा जाऊन येऊ दे. मी म्हटलं, अगं आता कसं जाणार. तिने डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. त्यानंतर ती बोललीच नाही. फोनवरसुद्धा नाही, आजपर्यंत."

खाली बांबू पडतच होते. मला हसू आलं, ते कसलं हसू ते माहीत नाही. अनवाणी होत्या. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने तीन मजले चढून, दम न लागता, अनवाणी. हे मी त्या दिवशीच बघितलं होतं. बघितलं आणि फडकं पिळलं.

त्या दोन कोरड्या जागांबद्दलही मी मग सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी मी तिला घेऊन येतो." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तू दारात उभी राहा."

७

रविवारी ते सातच्या आधी निघाले. मिनतीला मी येऊ नको म्हणून कळवलं होतं. नऊच्या सुमारास, ते तिथे पोचत आले असतील अशा बेताने, मी सगळं घर पुसायला घेतलं. केर काढला नाही, नुसतं पुसलं. वाळलेल्या फरशीवर त्या दिसत नाहीत, आणि मला माझं बोलणं त्यांच्या तोंडावर बोलायचं होतं. आईंच्या खोलीपासून सुरुवात करून मागे सरकत दारापर्यंत आले. पाणी भरपूर घेतलं.

दोन्ही पावलं जागच्या जागी होती.

मी जिन्याचं दार सताड उघडलं आणि बाजूला भिंतीशी उभी राहिले. "आई," मी म्हटलं, "माझं चुकलं. वाळायची वाट बघू नका. ओलं असू दे. आत या."

काही झालं नाही. खाली कुणी तरी मासे विकत चाललं होतं. मी स्वतःला शहाणपण शिकवायला लागलेच होते, की आणखी एक जागा कोरडी झाली. उजवीच्या पुढे. टीपकागदाने टिपल्यासारखं पाणी तिथून निघून गेलं. मग डावी, किंचित बाहेर वळलेली. मागची जोडी हळूहळू ओली झाली.

त्या माझ्या इतक्या जवळून गेल्या की मी पाय मागे घेतले. वास आला तो ओल्या सिमेंटचाच. पावलं लहान, घासत टाकलेली, घाई नसलेली. बाहेरची खोली ओलांडून त्यांच्या खोलीकडे. मी मागोमाग गेले. मला रडू येत होतं आणि त्यात आनंदही होता. मिटलं, असं वाटत होतं. इतकं सोपं होतं तर महिनाभर का नाही केलं?

खोलीत त्या माझ्या टेबलाच्या अलीकडे थांबल्या. कागद, संगणक, कोशांचे खंड. तिथे बराच वेळ दोन पावलं तशीच राहिली. मग ती वळली. टाचा टेबलाच्या बाजूला आल्या, बोटं माझ्याकडे, दोन्ही पाय शेजारी शेजारी. पलंगाच्या कडेशी उभं राहिल्यासारखे.

तेव्हा मी फरशीत बघितलं. इतकं पाणी होतं की खिडकी त्यात उलटी दिसत होती. आणि तिच्यापुढे हिरव्या काठाचा घोळ, त्याच्यावर एक हात. म्हातारी माणसं बसण्याआधी मागे हात नेऊन चाचपतात, कड कुठे आहे ते बघतात, तसा तो हात मागे गेला होता आणि चाचपत होता. तिथे काही नव्हतं. पलंग मिनतीच्या घरी गेला होता. टेबल हातभर मागे होतं. हात पुन्हा चाचपला. कड असणारच, सहा वर्षं तिथेच होती, अशा विश्वासाने त्या गुडघे वाकवायला लागल्या.

पुसताना बाजूला सारलेली खुर्ची माझ्या हाताला लागून होती. चाकांची खुर्ची, नुसती ढकलायची. मी हे शंभरदा आठवून बघितलं आहे. भीतीने हात गोठला असं म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर मला त्या क्षणी वाटलं, ओल्या फरशीवर चाकांचे ओरखडे उठतील.

आवाज काहीच झाला नाही. पाण्यातला काठ एकदम खाली गेला, खिडकी हलली आणि स्थिर झाली.

मग फोन वाजला.

"सुनीती," जयप्रकाशांना धाप लागली होती, "अगं आई पडली. मी नुकता पोचलो होतो, तिच्यासमोरच उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं, ओळखलं गं मला, हसली. आणि मागे हात नेऊन बसायला गेली. मागे काही नव्हतं. हवेतच बसली. डोकं चौकटीवर आपटलं. डॉक्टरांना बोलावलंय, पण..." मागे शिप्रादींचा आवाज येत होता, कुणाला तरी पंखा लावायला सांगत होत्या.

"बोलल्या का काही?" मी विचारलं.

"हो," ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. "म्हणाली, माझा पलंग कुठे गेला? काय म्हणत होती ती, सुनीती? तिचा पलंग तर इथेच आहे."

मी फोन कानाला तसाच धरून खुर्ची ढकलत ढकलत टेबलापुढे नेली आणि नीट लावून ठेवली. त्या दोन पावलांच्या जागीही फरशी ओली झाली होती. सगळीकडे सारखी.